खुंटीवरची पगडी

पश्चिम किनाऱ्यावर व्यापाराच्या मिषाने उतरलेल्या गोऱ्या लोकांस आपल्या पूर्वजांनी जे नाव दिले, ते त्यांच्या वर्णावरून दिले नाही, धर्मावरून दिले नाही, की ज्या मुलखातून ते आले त्या मुलखावरूनही दिले नाही. ते दिले त्यांच्या डोक्यावरून. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस अशी त्यांची पोटनावे निरनिराळी असली, तरी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रापासून पेशवाईच्या अखेरच्या कागदपत्रांपर्यंत या सर्वांचे सामाईक नाव ‘टोपीकर’ हेच आहे. जो पागोटे बांधतो तो आपला आणि जो टोपी घालतो तो परका, इतकी सरळ ती वाटणी होती. पुढे १८१७ साली टोपीकरांचे निशाण शनिवारवाड्यावर चढले. आणि त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांच्या अवधीत असा चमत्कार घडला, की अवघा महाराष्ट्र टोपी घालू लागला आणि टोपीकरांस या देशातून घालवून देण्याची जी चळवळ उभी राहिली, तिची खूण म्हणूनही टोपीच पुढे आली. हा पालट कसा झाला आणि त्याला इतका काळ का लागला, हे पाहू गेल्यास माणसे नवी तऱ्हा किती लवकर उचलतात या प्रश्नाचे उत्तर आपण समजतो तितके सोपे नाही, असे दिसून येते.

कारण सर्वच नव्या वस्तूंच्या बाबतीत आपले लोक असे सुस्त होते म्हणावे, तर तसेही नाही. काडेपेटी आली आणि गारगोटी-चकमक अडगळीत गेली. छत्री आली आणि इरली-घोंगड्या न वापरणाऱ्या पांढरपेशांनी ती हां हां म्हणता काखोटीस मारली. रॉकेलचा दिवा समईच्या शेजारी येऊन बसला, तेव्हा त्याला कोणी जात विचारली नाही. सोवळ्याओवळ्याचा बाऊ करणाऱ्या घरांतूनही खिशातले घड्याळ आणि नाकावरचा चष्मा यांना सहज प्रवेश मिळाला. या वस्तू उपयोगाच्या होत्या, हे त्याचे एक कारण झाले. परंतु त्याहून मोठे कारण असे, की या वस्तूंना पूर्वेतिहास नव्हता. काडेपेटीने कोणाचा मान वाढत नव्हता आणि छत्रीने कोणाची पायरी चुकत नव्हती. डोक्याचे तसे नव्हते.

जुन्या राज्यव्यवहारात पोशाख ही केवळ अंग झाकण्याची वस्तू नव्हती. तो एक प्रकारचा दस्तऐवज होता. पेशवेपद मिळाले असे म्हणण्याऐवजी पेशवाईची वस्त्रे मिळाली असे म्हणत, आणि सुभेदारी, सरदारी, दिवाणगिरी यांचीही वस्त्रेच होत असत. सनदेवर शिक्का उमटला तरी खिलत अंगावर पडल्याखेरीज नेमणुकीस पूर्णता येत नसे. म्हणून तर जडजवाहिरांच्या जोडीने उंची वस्त्रे ज्या कोठीत ठेवीत, त्या जामदारखान्यास राज्याच्या खजिन्याइतकेच महत्त्व होते. या वस्त्रांमध्येही मस्तकावरचे वस्त्र मुख्य. शिरपेच, तुरा, कलगी ही सारी त्याचीच लेणी. दोघा पुरुषांनी पगड्यांची अदलाबदल केली की ते जन्माचे बंधू झाले. एखाद्याने आपली पगडी दुसऱ्याच्या पायांवर ठेवली की त्यापलीकडे याचनेला जागा उरली नाही. घरात मृत्यू घडला असता पुरुष उघड्या डोक्याने बाहेर पडत, आणि म्हणून एरवी बोडक्या डोक्याने रस्त्यात येणे हे अशुभाचे चिन्ह मानले जाई. इंग्रज थोरामोठ्यांपुढे जाताना हॅट काढी आणि बूट ठेवी. आपला मनुष्य जोडा काढी आणि पगडी ठेवी. आदर दाखविण्याच्या या दोन उलट्या रीती समोरासमोर आल्यावर कचेऱ्यांतून आणि दरबारांतून किती रुसवेफुगवे झाले असतील, याची कल्पना करता येते.

शिवाय ही पगडी म्हणजे एक पगडी नव्हे. शिंदेशाही निराळी, होळकरशाही निराळी, गायकवाडी निराळी. ब्राह्मणाची चक्रीदार पगडी एका घाटाची, तर प्रभूची दुसऱ्या घाटाची. पारशाची, भाटियाची, वाण्याची पुन्हा आणखी तिसरी. रयतेच्या डोक्याला मुंडासे, शिपायाच्या डोक्याला पटका, कारकुनाला रुमाल, आणि ज्याच्या पदरी चार पैसे आहेत त्याला सणासुदीस जरीचा मंदील. मुंबईसारख्या अठरापगड शहरात मनुष्य दहा हातांवरून येताना दिसला, तरी तो कोण, कुठला आणि कोणत्या धंद्याचा, हे त्याने तोंड उघडण्यापूर्वीच कळत असे. आणि ‘अठरापगड’ हा शब्दच मुळी या वस्तुस्थितीची साक्ष देत आजवर भाषेत टिकून राहिला आहे. अशा समाजात दुसऱ्याच्या घाटाची पगडी डोक्यावर चढविणे ही हौस नव्हती, तो दावा होता. पोशाखाच्या दाव्यांचा सरकारदरबारी कसा निवाडा होई, याचे एक उदाहरण प्रसिद्धच आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या सोनारांनी ब्राह्मणी पद्धतीने धोतर नेसण्यास आणि परस्परांस ‘नमस्कार’ म्हणण्यास सुरुवात केली, तेव्हा पेशवे सरकारने त्यांना मनाई केली. आणि पेशव्यांची मर्जी राखण्यासाठी मुंबईच्या इंग्रजांनीही १७७९ साली आपल्या हद्दीतल्या सोनारांस नमस्कार करण्याविषयी तशीच ताकीद दिली. धोतराच्या निऱ्यांना आणि तोंडच्या एका शब्दाला जिथे दोन सरकारांचे हुकूम आडवे येतात, तिथे नवी तऱ्हा झपाट्याने पसरत नाही, म्हणून लोकांच्या मनोवृत्तीला दोष देण्यात अर्थ नाही.

आता ही पगडी जरा जवळून पाहू. पागोटे आणि पगडी हे शब्द आज आपण एकाच अर्थाने वापरतो. परंतु पागोटे रोज बांधावयाचे आणि रोज सोडावयाचे, तर पगडी एकदा कारागिराकडून बांधून आणावयाची आणि पुढे तयार टोपीसारखी उचलून डोक्यावर ठेवावयाची. हे बांधण्याचे काम करणारा तो पगडबंद. गिऱ्हाइकाच्या डोक्याचे माप घ्यावे, कित्येक वार लांबीच्या तलम कापडाला पीळ देत देत ते एकावर एक थरांनी बसवावे, टाके घालून ते थर जागच्या जागी धरावेत, आणि पुढच्या बाजूचे चोचीसारखे निघालेले टोक घाटदार साधावे, ही त्याची कला. कापड रंगाऱ्याकडून यावयाचे. आणि ज्या लाल रंगाची पुणेरी पगडी पुढे महाराष्ट्राच्या बुद्धिमत्तेचे प्रतीक ठरली, तशा लालीसाठी पूर्वी करडईच्या फुलांचा कुसुंबा वापरीत, जो उन्हाने उडे आणि पाण्याने जाई. म्हणून पगडी पावसात भिजू द्यावयाची नाही, उन्हात टाकावयाची नाही, मुलांच्या हाती लागू द्यावयाची नाही. जुन्या वाड्यांच्या ओसरीवर भिंतीत ज्या सागवानी खुंट्या बसविलेल्या असत, त्यांपैकी पुरुषाच्या हाताला येईल आणि पोराच्या हाताला येणार नाही अशा उंचीवरची खुंटी पगडीची. घरात शिरताच धन्याने पगडी त्या खुंटीस अडकविली की कचेरी संपली आणि घर सुरू झाले. पगडी खुंटीवर नसली की धनी घरात नाही, हे आल्यागेल्यास न विचारता कळे.

पेशवाई गेल्यानंतरची पहिली सत्तर-पाऊणशे वर्षे या खुंटीला धक्का लागला नाही. बदल झाला तो खालून वर चढत गेला. पायात प्रथम बूट आले. अंगातली बाराबंदी आणि अंगरखा जाऊन त्यांच्या जागी लांब कोट आला, कोटाला बटणे आली, बटणांच्या आतून घड्याळाची साखळी डोकावू लागली. धोतराने काही काळ पाटलोणीशी सामना दिला. परंतु कोटाच्या गळपट्टीपाशी येऊन ही इंग्रजी लाट थबकली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची सभासंमेलनांची छायाचित्रे पाहावीत, म्हणजे बुटांपासून गळ्यापर्यंत विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर उभी असलेली आणि गळ्याच्या वर पेशवाईत राहिलेली अशी विद्वानांची रांगच्या रांग दृष्टीस पडते. न्यायमूर्ती रानडे, नामदार गोखले आणि लोकमान्य टिळक यांच्यामध्ये विधवाविवाहापासून राष्ट्रसभेच्या धोरणापर्यंत नाना विषयांवर मतभेद झाले. एका गोष्टीविषयी मात्र सुधारक आणि राष्ट्रीय या दोन्ही पक्षांचे एकमत होते, आणि ती गोष्ट दोघांच्याही डोक्यावर होती. ज्या काळात ‘सुधारका’त आगरकर स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत असे निक्षून सांगत होते आणि त्याबद्दल जनलोकांची निंदा सोशीत होते, त्या काळात पुरुषांच्या पगडीकडे बोट दाखवावे असे सुधारकांच्याही फारसे मनात आले नाही.

पण पगडीचा पाया तेव्हाच खचू लागला होता, आणि तो कोणा सुधारकाने नव्हे, न्हाव्याने खणला होता. पगडी बसते ती भादरलेल्या डोक्यावर. भोवताली वस्तरा फिरवून मध्ये शेंडीचा घेरा राखलेले जे मस्तक, त्याच्यासाठी तिचा घाट बनलेला होता. शाळा-कॉलेजांतल्या मुलांनी जेव्हा घेरा आधी लहान केला, मग डोईभर केस राखून शेंडी त्यांत लपविली आणि अखेरीस भांग पाडण्यास आरंभ केला, तेव्हा वडिलांची पगडी त्यांच्या डोक्यावर धड बसेना. बसली तरी आतले केस विसकटत आणि घामाने डोके उबून जाई. या डोक्यांना टोपी सोयीची होती. टोपी काही नवीन नव्हती. तान्ह्याला टोपडे आणि कुंची, थोड्या मोठ्या मुलाला जरीची किंवा मखमली टोपी, ही चाल घरोघर होतीच. टोपी हा पोराचा पोशाख आणि पगडी हा बाप्याचा. शिंप्याचे यंत्र गावोगाव पोचल्यावर पगडबंदाच्या आठ दिवसांच्या कामाऐवजी घटकाभरात थोडक्या पैशांत टोपी शिवून मिळू लागली, आणि इंग्रजी शाळेच्या बाकांवर बनातीच्या काळ्या टोप्यांच्या रांगा दिसू लागल्या. ही मुले मोठी झाली, वकील झाली, मास्तर झाली, मामलेदारकचेरीत चिकटली. आणि पगडीकडे वळण्याचा दिवस ज्याच्या त्याच्या आयुष्यात आला, तेव्हा त्यांच्यापैकी पुष्कळांनी काहीच केले नाही. या साऱ्या इतिहासातली मर्माची जागा हीच आहे. पगडी कोणी फेकली नाही. ज्याच्या डोक्यावर ती होती त्याने ती बहुधा अखेरपर्यंत वागविली. त्याच्या मुलाने ती उचलली नाही, एवढेच. रस्त्यावर उभे राहून पाहणाऱ्यास वाटे की लोक पगडी सोडून टोपी घेत आहेत. वस्तुतः लोक तेच नव्हते, पिढी बदलली होती.

याच्या उलट, जिथे नवी तऱ्हा घेण्यास वडिलांची खुंटी ओलांडावी लागत नाही, तिथे ती किती त्वरेने पसरते याचेही उदाहरण त्याच काळात आहे. बालगंधर्वांनी रंगभूमीवर नेसलेल्या शालू-पैठण्यांच्या नेसणीचे आणि केसांत फुले माळण्याच्या रीतीचे अनुकरण सुखवस्तू घरांतल्या स्त्रिया लगोलग करीत, हे त्या काळच्या पुष्कळ लोकांनी सांगून ठेवले आहे. वस्त्र तेच, नऊवारीच. बदलला तो केवळ त्याचा डौल. मान-मरातबाला धक्का न लावता केवळ शोभा वाढविणारी तऱ्हा एका नाटकाच्या खेळातून दुसऱ्या दिवशीच्या हळदीकुंकवात जाऊन पोचू शकते. आणि ती एका पुरुषाने शिकविली आहे, याचेही कोणास वैषम्य वाटले नाही.

पुरुषांच्या टोपीला असा वेग आला तो १९२० नंतर. त्या वर्षीच्या १ ऑगस्टला मुंबईस सरदारगृहात लोकमान्यांचे देहावसान झाले आणि गिरगावच्या चौपाटीवर त्यांच्या चितेस अग्नी दिला गेला. असहकाराच्या चळवळीचा मुहूर्तही तोच दिवस होता. महाराष्ट्राची सर्वांत प्रसिद्ध पगडी ज्या दिवशी खुंटीस लागली, त्याच दिवशी पांढऱ्या टोपीचे पर्व सुरू झाले असे म्हटल्यास ती केवळ अलंकारिक भाषा होणार नाही. ही टोपी ज्यांच्या नावाने चालली त्या गांधींचा शिरोवस्त्राशी झगडा जुना होता. १८९३ साली दरबानच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटने पागोटे उतरविण्यास सांगितले, तेव्हा ते कोर्टच सोडून बाहेर पडले होते. पुढे हिंदुस्थानात आल्यावर त्यांनी निरनिराळ्या प्रांतांतली शिरोवस्त्रे न्याहाळली, आणि काश्मिरी टोपीचा घाट त्यांस पसंत पडला, अशी हकीकत काकासाहेब कालेलकरांनी सांगितली आहे. घडी करून खिशात ठेवता येते, कापड थोडे लागते, खादीची करता येते. आणि रंग पांढरा अशासाठी, की मळली तर मळलेली दिसावी आणि धुणे भाग पडावे. पगडीच्या प्रत्येक गुणाचा हा नेमका व्यत्यास होता. ती खुंटीवर जपावयाची, ही खिशात कोंबावयाची. ती न धुता टिकवावयाची, ही रोज धुवावयाची. ती मनुष्याची जात सांगणार, ही जात झाकणार. अहमदाबादच्या १९२१ च्या राष्ट्रसभेत खादीच्या टोप्यांचा समुद्र लोटला, तेव्हा तीत वकील कोणता आणि शेतकरी कोणता, हे दहा हातांवरून काय, दोन हातांवरूनही ओळखू येणे कठीण होते. मौज अशी, की त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मदुरेस खुद्द गांधींनी पंचाखेरीज सारे वस्त्र त्यागले. त्यांची टोपी त्यांच्या डोक्यावर जेमतेम दीडदोन वर्षे राहिली आणि लोकांच्या डोक्यावर पिढ्यान्‌पिढ्या.

या वेगाची किंमतही तत्काळ मोजावी लागली. १९२१ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या युवराजांच्या आगमनाच्या दिवशी मुंबईत दंगल उसळली, तेव्हा आधी विलायती टोप्या घालणाऱ्यांच्या टोप्या हिसकावल्या गेल्या आणि मग उलट बाजूने खादीची टोपी दिसेल त्यास मार बसला. ज्या खुणेने माणसांतला भेद झाकावयाचा, तीच खूण दोन दिवसांत नवा भेद दाखवू लागली होती. सरकारनेही मग या दोन पैशांच्या कापडावर आपला रोख धरला. सरकारी कार्यालयांतून टोपीस मज्जाव झाला. सोलापुरात १९३० च्या मे महिन्यात लष्करी कायदा पुकारला गेला, तेव्हा शिपायांनी लोकांच्या डोक्यांवरून गांधी टोप्या उतरविल्या. त्याचा परिणाम जो व्हावयाचा तोच झाला. टोपी घालणे हे आता हौसेचे राहिले नाही, अभिमानाचे झाले. आणि ज्यांनी एरवी ती घालण्याचा कधी विचार केला नसता, त्यांनीही ती घातली.

स्वातंत्र्यानंतर ही टोपी कोठे गेली हे पाहणेही उद्बोधक आहे. मुंबई-पुण्याच्या तरुणांनी ती फार काळ ठेवली नाही. ज्या केसांनी पगडी घालविली होती, त्याच केसांनी आता टोपीही घालविली. तेल लावून, वळण देऊन, मेहनतीने बसविलेला भांग कोणी झाकून ठेवीत नाही. वडीलधाऱ्यांनी एकदोन वर्षे ‘बोडका हिंडतोस’ म्हणून मुलांस दटावले, आणि मग त्यांच्या ओठांवरून तो शब्दही गळून पडला. या बदलाला पुढारी नव्हता, ठराव नव्हता, होळी नव्हती. आणि तरी तो तिन्ही बदलांमध्ये सर्वांत पुरता ठरला. परंतु खेड्यापाड्यांत टोपी मुरली. गुजरातेत जन्मलेली, काश्मीरच्या घाटाची ही वस्तू मराठी शेतकऱ्याच्या डोक्यावर अशी बसली, की ती कधी काळी नवीन होती हेच तो विसरला. लग्नात पाहुण्यांस टॉवेल-टोपीचा आहेर केल्याशिवाय मानपान पुरा होत नाही; वारीच्या वाटेवर आणि मुंबईच्या डबेवाल्यांच्या डोक्यावर ती आजही पांढरी शुभ्र आहे. जी एकेकाळी राजद्रोहाची खूण होती, ती जुन्या वळणाची खूण झाली.

पुण्यात महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार १९७९ साली निवर्तले. लाल पगडी नित्य वागविणाऱ्या विद्वानांच्या शेवटच्या पिढीतले ते एक. त्यानंतर पगडी व्यासपीठावर गेली. पाहुण्याच्या डोक्यावर ती क्षणभर ठेवतात, छायाचित्र निघते, आणि ती पुन्हा खोक्यात जाते. २००९ साली पुणेरी पगडीस भौगोलिक निर्देशांकाचे सरकारी संरक्षण मिळाले. म्हणजे एकेकाळी जिला जपण्यासाठी एक खुंटी पुरत असे, तिच्यासाठी आता नोंदवही लागली. लग्नाच्या मांडवात फेटे बांधणारा येतो, आणि पन्नास-पाऊणशे वऱ्हाड्यांची डोकी ओळीने बांधून मोकळा होतो. कोणाचा फेटा कोणत्या घराण्याचा, हे विचारावयाचे कारण नाही, कारण सर्वांचे एकाच गठ्ठ्यातले आहेत आणि संध्याकाळी ते परत जावयाचे आहेत. इतक्या तातडीने पूर्वी कोणी शिरोभूषण धारण केले नसेल आणि इतक्या तातडीने उतरविलेही नसेल.

याच पुण्यात गेली कित्येक वर्षे दुचाकीस्वारांच्या डोक्यावर शिरस्त्राण बसविण्याचा सरकारचा खटाटोप चालू आहे, आणि पुणेकर सभा, निवेदने व मोर्चे यांच्या द्वारा तो परतवून लावीत आले आहेत. शिरस्त्राणाच्या बाजूने प्राणरक्षणाचे कारण आहे, कायदा आहे, दंडाची पावतीही आहे. पण त्याने केस चेपतात. सोनारांना मनाई करणाऱ्या कारभाऱ्यांस आणि सोलापूरच्या लष्करी अधिकाऱ्यांस जे उमगले नाही, ते चौकात पावतीपुस्तक घेऊन उभ्या असलेल्या हवालदारासही उमगलेले दिसत नाही. त्याने मोठ्यांच्या मागे लागण्यापेक्षा वाट पाहावी. सायकल शिकतानाच ज्यांच्या डोक्यावर आईबापांनी हौसेने रंगीत शिरस्त्राण चढविले आहे, ती मुले आता मोठी होत आहेत. आणि त्यांनी काहीच केले नाही, म्हणजे झाले.